दौंडचा सांधा आणि माहितीची आगगाडी

भीमा नदीच्या उत्तरेस शिरूर आणि दक्षिणेस दौंड, असे पुणें जिल्ह्यांतील हे दोन शेजारी तालुके. शिरूर गांव घोड नदीच्या कांठीं वसलेलें असल्यामुळें जुन्या माणसांच्या तोंडीं त्याचें नांव अद्यापि घोडनदी असेंच आहे. पुण्याहून पूर्वीच्या अहमदनगरास, म्हणजे आतांच्या अहिल्यानगरास, जाणारा हमरस्ता ह्या गांवावरून जातो; आणि एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभीं इंग्रजी फौजेची छावणी येथें असल्यामुळें शिरूरचें नांव दूरवर माहीत झालें होतें. त्या मानानें दौंड हें भीमेकांठचें एक साधें खेडें. परंतु पुढील पन्नास-साठ वर्षांत चित्र पालटलें. आगगाडी आली ती शिरूरला न शिवतां दौंडवरून गेली, आणि छावणीचें गांव मागें पडून खेड्याचें जंक्शन झालें.

गांवाचें दैव रुळांच्या दिशेवर ठरतें, एवढें सांगून इतिहासाचें पुस्तक बहुधा पुढल्या प्रकरणाकडे वळतें. पण दौंडच्या इतिहासांत ह्याहून खोल अशी एक गोष्ट आहे. एकाच वाटेवरून अनेकांची वाहतूक सुखरूप चालवावयाची असेल, तर पाठविण्याची परवानगी पाठविणाराच्या हातीं असून चालत नाहीं. ती घेणाराच्या हातीं असावी लागते. रेल्वे हा नियम अपघातांचें मोल देऊन शिकली. पुढें शंभर वर्षांनीं, माणसांच्या व मालाच्या ऐवजीं माहितीचे डबे काचेच्या तंतूंतून धावूं लागले, तेव्हां त्या नव्या वाहतुकीचा पायाहि ह्याच नियमावर घातला गेला. ह्या वाहतुकीचें नांव फायबर चॅनेल. तिच्या नाक्यांवर बसविलेल्या स्विच नांवाच्या यंत्रांवर देखरेख कशी ठेवावी, आणि तीं यंत्रें सांगतात त्याचा अर्थ कसा लावावा, हें ज्याला जाणून घ्यावयाचें असेल, त्यानें आधीं दौंडच्या फलाटावर घटकाभर उभें राहावें हें उत्तम.

मुंबईहून ठाण्यास पहिली गाडी १६ एप्रिल १८५३ रोजीं गेली. पुण्यास रूळ पोहोंचले ते १८५८ सालीं, आणि सोलापुरास १८६० सालीं. बोरघाटांतील मार्ग मात्र १८६३ सालापर्यंत पुरा झालेला नव्हता. मधल्या काळांत उतारूंना घाट पालखींत बसून किंवा तट्टावरून ओलांडावा लागे. सोलापूरकडे जाणारी वाट दौंडवरून गेली, तरी दौंड त्या वेळीं वाटेवरचें एक स्टेशनच होतें. १८७८ सालीं दौंड-मनमाड मार्ग सुरू झाला. त्या आधींच्या भयंकर दुष्काळांत अन्नास महाग झालेल्या माणसांच्या हातांनीं त्याचें मातीकाम झालें होतें. ह्या मार्गामुळें मुंबईहून ईशान्येस जाणारी वाट व आग्नेयीस जाणारी वाट मुंबईस न जातांच एकमेकींस मिळाल्या. पुढें १९१४ सालीं बारामतीकडे अरुंद रुळांचा एक फांटा निघाला. अशा रीतीनें पुणें, सोलापूर, मनमाड व बारामती ह्या चार दिशांची वाहतूक ज्या एका जागीं येऊन मिळते, तें दौंड जंक्शन उभें राहिलें.

जंक्शनचा प्राण म्हणजे सांधा. गाडीस सुकाणूं नसतें. ती कोणत्या वाटेस लागावयाची हें रुळांच्या दोन निमुळत्या जिभा ठरवितात. सांधेवाल्यानें खटका ओढला कीं त्या जिभा इकडच्या तिकडे होतात, आणि पुण्याहून आलेली गाडी सोलापूरकडे जाण्याऐवजीं मालधक्क्याच्या रुळावर शिरते. अर्थात् सांधा बदलणें जितकें महत्त्वाचें, तितकेंच सांधा ह्या क्षणीं कोणत्या बाजूस आहे हें जाणणें महत्त्वाचें. इंग्लंडांत जॉन सॅक्सबी ह्यानें १८५६ सालीं सांधे व सिग्नल यांचे खटके एकमेकांत अडकविण्याची युक्ति काढली, ती ह्याकरितांच. सांधा नीट बसला नसेल तर सिग्नल पडूंच शकत नाहीं. माणसाच्या आठवणीवर सोंपविलेली गोष्ट लोखंडावर सोंपविली गेली.

सांध्याचा प्रश्न असा सुटला, तरी दोन स्टेशनांमधील वाटेचा प्रश्न उरलाच. आरंभीं एका गाडीमागून दुसरी गाडी ठराविक मिनिटें जाऊं देऊन सोडीत. पुढची गाडी वाटेंत बंद पडली तर मागचीस त्याची वार्ताहि नसे. एकेरी मार्गावर तर समोरासमोर टक्कर होण्याचें भय. १८७४ सालीं इंग्लंडांतील नॉरिच शहराजवळ थॉर्प येथें तारेच्या निरोपांत घोटाळा होऊन एकाच रुळावर दोन्ही बाजूंनीं गाड्या सोडल्या गेल्या, आणि सुमारें पंचवीस माणसें प्राणांस मुकलीं. तार होती, तार चालविणारे होते, निरोपहि गेला होता. उणीव होती ती एवढीच कीं, निरोपावांचून गाडी सुटूंच नये असें बंधन कोणत्याहि यंत्रांत नव्हतें. ह्या अपघातानंतर एडवर्ड टायर ह्यानें १८७८ सालीं विजेच्या बंधनांतील टॅब्लेटचें यंत्र काढलें. भारतांतील एकेरी मार्गांवर पुढें त्याच तत्त्वाचें नीलचें यंत्र सर्वत्र दिसूं लागलें. त्यांतून लोखंडी गोळा बाहेर पडतो. तो गोळा हातीं आल्याशिवाय ड्रायव्हरनें गाडी हलवावयाची नाहीं. आणि पुढच्या स्टेशनानें संमति दिल्याशिवाय मागच्या स्टेशनाच्या यंत्रांतून गोळा सुटतच नाहीं. एक गोळा बाहेर असेपर्यंत दुसरा कोणत्याच बाजूस निघत नाहीं. रेल्वेच्या बोलींत ह्या संमतीस ‘लाइन क्लिअर’ म्हणतात.

ह्या व्यवस्थेनें टक्कर टळली. पण प्रत्येक औषधाबरोबर कांहीं पथ्य येतें, तसें येथेंहि झालें. समजा, बारामतीच्या अरुंद रुळांचे डबे वेळेवर आले नाहींत. रुंद रुळावरून आलेला माल हमालांनीं उतरून अरुंद डब्यांत भरावयाचा, तो तसाच पडून राहिला. भरलेले डबे दौंडच्या यार्डांत उभे राहिले, रूळ अडले, आणि यार्डांत जागा उरली नाहीं. मग दौंड पाटसला लाइन क्लिअर देईना. पाटसला गाडी उभी, म्हणून पाटस केडगांवास देईना. केडगांव यवतला देईना. आतां यवतला जी मेल खोळंबून उभी आहे, तिला बारामतीशीं कांहीं एक कर्तव्य नाहीं; ती सोलापुरास निघाली आहे. उतारू मात्र खिडकीतून डोकें बाहेर काढून यवतच्या स्टेशनमास्तरास बोल लावतात. बिचाऱ्या मास्तरचा अपराध कोणता? दोष कांहीं स्टेशनें पुढें, एका धक्क्यावर आहे. दिसतो तो येथें. ज्या व्यवस्थेंत माल कधींच फेंकून दिला जात नाहीं, त्या व्यवस्थेंत अडवणूक अशी उलट दिशेनें मागें मागें पसरत जाते. ही गोष्ट ध्यानांत ठेवून आतां दुसऱ्या वाहतुकीकडे वळावयाचें आहे.

रेल्वेचीं आरक्षणाचीं जाडजूड पुस्तकें एके काळीं स्टेशनांत असत. १९८५-८६ च्या सुमारास दिल्लीस संगणकावर आरक्षण सुरू झालें, आणि १९९९ पर्यंत देशांतील पांच मोठीं आरक्षण केंद्रें एकमेकांस जोडलीं गेलीं. दौंडच्या खिडकीवर सोलापूरचें आसन मिळतें, तें दूरच्या एखाद्या केंद्रांतील नोंद वाचून मिळतें. शिरूरच्या शेतकऱ्याची कथा निराळी नाहीं. सातबाऱ्याचा उतारा पूर्वीं तलाठ्याच्या दप्तरांतून हातानें उतरून मिळे. २०१८ सालापासून डिजिटल स्वाक्षरीचा उतारा महाराष्ट्रांत घरबसल्या मिळूं लागला. आगगाडी शिरूरला आली नाहीं खरी, पण ही दुसरी वाहतूक शिरूरला टाळून गेलेली नाहीं. जमिनीचा मालक कोण, बँकेंत शिल्लक किती, गाडींत जागा कोणाची, ह्या सर्व नोंदी आज कोठें तरी फिरत्या वा स्थिर डिस्कांवर लिहिलेल्या असतात; आणि माणसाचें सर्वस्व त्या नोंदींच्या खरेपणावर अवलंबून असतें.

आरंभीं अशी डिस्क संगणकाच्या पोटांतच असे किंवा जाड्या केबलनें त्याच्या शेजारीं जोडलेली असे. त्या जोडणीची ‘स्कझी’ नांवाची पद्धत १९८६ सालीं प्रमाण ठरली. पण तिची केबल फार तर पंचवीस मीटर लांब नेतां येई, आणि एका केबलवर मोजकींच यंत्रें बसत. एका संगणकाची डिस्क अर्धी रिकामी, शेजारच्याची भरून वाहते, आणि एकाची जागा दुसऱ्यास देतां येत नाहीं, अशी स्थिति झाली. म्हणून साठवणीचीं यंत्रें संगणकांपासून वेगळीं काढून, दोहोंमध्यें वाहतुकीचें एक स्वतंत्र जाळें असावें, हा विचार पुढें आला. अमेरिकेंत १९८८ सालीं ह्या जाळ्याच्या नियमांची आखणी सुरू झाली, आणि १९९४ सालीं फायबर चॅनेल ह्या नांवानें तें प्रमाण संमत झालें.

फायबर म्हणजे तंतु, येथें काचेचा. काचेंतून प्रकाश दूरवर नेतां येईल, काचेंतील मळ मात्र काढला पाहिजे, असें चार्ल्स काव ह्यानें १९६६ सालीं दाखवून दिलें, व त्याबद्दल त्यास २००९ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. १९७० सालीं अमेरिकेंतील कॉर्निंग कारखान्यानें तशी शुद्ध काच ओढून दाखविली. योगायोग असा कीं, भारतांत ह्या काचतंतूंचें मोठें जाळें रेल्वेच्या रुळांलगतच पसरलें. त्याकरितां २००० सालीं रेलटेल ही सरकारी कंपनी स्थापन झाली. जुन्या वाटेच्या कडेनें नवी वाट गेली.

फायबर चॅनेलचीं पहिलीं जाळीं बहुधा वलयाकार असत. एका वलयांत एकशें सव्वीस यंत्रें बसत खरीं, पण एका वेळीं एकच जोडी बोलूं शके. बाकीच्यांनीं वाट पाहावयाची. एकेरी मार्गावर एकच गोळा असावा तशी ती अवस्था होती. १९९५ सालीं अमेरिकेंत ब्रोकेड ही कंपनी निघाली. तिच्या संस्थापकांत कुमार मालवल्ली हे भारतीय वंशाचे अभियंते होते. अशा कंपन्यांनीं वलयाच्या जागीं स्विच आणला. स्विच म्हणजे माहितीचें जंक्शन. अमेरिकन रेल्वेंत तर सांध्यालाच स्विच म्हणतात. तेव्हां हें नांव मुळांत रुळांचेंच आहे. स्विचला अनेक दारें असतात, त्यांस पोर्ट म्हणतात. एका दारांत संगणक, दुसऱ्यांत साठवणयंत्र, तिसऱ्यांत शेजारचा स्विच. माहितीचा एकेक डबा, ज्यास फ्रेम म्हणतात, जास्तींत जास्त दोन हजार एकशें अठ्ठेचाळीस बाइटांचा असतो. त्यावर चोवीस बिटांचा पत्ता असतो, आणि त्या पत्त्याचे तीन भाग कोणता स्विच, त्याचा कोणता विभाग व कोणतें दार हें सांगतात. स्टेशन, यार्ड आणि फलाट ह्यांसारखीच ही वांटणी होय.

आतां मुख्य गोष्ट. फ्रेम पाठवावयाची केव्हां? इंटरनेटच्या सर्वसाधारण रीतींत पाठविणारा पाठवून देतो. वाटेंत गर्दी झाली तर मधलें यंत्र कांहीं भाग टाकून देतें, आणि पोहोंच आली नाहीं असें पाहून पाठविणारा तो पुन्हा धाडतो. पत्रव्यवहारास हें चालतें. पण डिस्कवरील लिखाण अशा गळतीस तयार नसतें. तेथें एक फ्रेम हरवली तर सबंध हुकूम फुकट जातो, आणि संगणक बऱ्याच वेळानें तो पुन्हा देतो. म्हणून फायबर चॅनेलनें रेल्वेची रीत उचलली. जोडणी होतांच समोरचें दार सांगतें, माझ्याकडे इतक्या फ्रेम ठेवण्याची जागा आहे. ह्या जागेच्या हिशोबास क्रेडिट म्हणतात. एक फ्रेम पाठविली कीं एक क्रेडिट कमी. समोरच्यानें ती फ्रेम पुढें ढकलून जागा मोकळी केली कीं तो ‘घेण्यास सिद्ध’ असा छोटा इशारा परत पाठवितो, आणि क्रेडिट पुन्हा वाढतें. क्रेडिट शून्य झालें कीं पाठविणारानें थांबलेंच पाहिजे. गोळा नाहीं तर गाडी नाहीं.

ह्या नियमाचें एक सुंदर गणित आहे. काचेंतून प्रकाश सेकंदास सुमारें दोन लाख किलोमीटर जातो. पहिल्या, म्हणजे एक गिगाबिट वेगाच्या, जोडणींत एक भरगच्च फ्रेम काचेंत जवळजवळ चार किलोमीटर लांब पसरते. जाणें व इशाऱ्याचें येणें मिळून वाट कधीं रिकामी राहूं नये अशी इच्छा असेल, तर दर दोन किलोमीटरांस एक क्रेडिट लागतें. पुणें ते दौंड हें रुळांचें अंतर सुमारें पंचाहत्तर किलोमीटर. तेवढ्या लांब तंतूस अडतीस क्रेडिटें पुरतील. पण वेग आठपट केला तर फ्रेम आठपट आंखूड होते, आणि त्याच अंतरास सुमारें तीनशें क्रेडिटें लागतात. आठ गिगाबिटांचीं यंत्रें २००८ च्या सुमारास, सोळांचीं २०११ च्या व बत्तिसांचीं २०१६ च्या सुमारास आलीं. वेग वाढविणारानें जागेचा हिशोब वाढविला नाहीं, तर महाग वाट अर्धी रिकामी राहते आणि वेग कागदावरच उरतो.

स्विचांवर देखरेख म्हणजे काय, हें आतां सहज उमगेल. स्टेशनमास्तरच्या वहींत प्रत्येक गाडीची वेळ लिहिलेली असते. स्विचच्या प्रत्येक दाराशीं असेच अनेक आंकडे आपोआप चढत असतात. पण आंकडा म्हणजे ज्ञान नव्हे. एखाद्या दारावर दहा हजार दोष नोंदलेले दिसले म्हणून घाबरून जाण्याचें कारण नाहीं. ते यंत्र सुरू झाल्यापासून दोन वर्षांतील असतील, किंवा गेल्या दहा मिनिटांतील असतील. म्हणून आंकडा वाचतांना वेळ लिहावी, कांहीं काळानें पुन्हा वाचावा, आणि दोहोंची वजाबाकी पाहावी. ज्या वहींत वेळेचा रकाना नाहीं, ती वही असून नसल्यासारखीच.

पाहावयाच्या गोष्टी थोड्याच आहेत. पहिली गोष्ट प्रकाशाची. दारांत बसविलेलें प्रकाशाचें यंत्र किती उजेड पाठवितें आणि समोरून किती येतो, हें मोजतां येतें. येणारा उजेड दिवसेंदिवस मंदावत असेल, तर काचेच्या टोंकाला धूळ बसली असेल, तंतु कोठें तरी फार वांकला असेल, किंवा पाठविणारें यंत्र थकलें असेल. दुसरी गोष्ट मोहोरेची. प्रत्येक फ्रेमच्या शेवटीं एक पडताळणीची संख्या असते. मालगाडीच्या डब्यावरील सीलासारखी ती समजावी. संख्या जुळली नाहीं, तर वाटेंत मजकूर बिघडला. ज्या स्विचास हें प्रथम आढळतें, तो फ्रेमच्या शेपटीवर ‘बिघडलेली’ अशी खूण करतो. त्यामुळें पुढच्या नाक्यांवर ती पुन्हा दोष म्हणून मोजली गेली, तरी खूण आधींच आहे कीं नाहीं हें पाहून मूळ जागा सांपडते. सील कोणत्या दोन स्टेशनांमध्यें तुटलें हें ठरविण्याचीच ही रीत आहे.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, आणि सर्वांत अधिक वेळां चुकीची वाचली जाणारी. एखादें दार किती वेळ क्रेडिटावांचून थांबून राहिलें, ह्याची मोजदाद स्विच ठेवतो. हा आंकडा भराभर वाढत असेल, तर त्या दाराची वाट अडली आहे. नवखा देखरेख करणारा म्हणतो, हें दार बिघडलें, बदला. तो यवतच्या मास्तरास दोष देत असतो. दार थांबलें आहे तें समोरच्यानें परवानगी दिली नाहीं म्हणून. समोर शेजारचा स्विच असेल, तर त्या स्विचाकडे जाऊन त्याचें कोणतें दार थांबलें आहे तें पाहावें. तेथूनहि पुढें जावें. आणि असें करीत करीत अखेरीस ज्याच्यापुढें दुसरा स्विच नाहीं अशा दाराशीं पोहोंचावें. तेथें बहुधा एखादा जुना, मंद संगणक सांपडतो. त्यानें मागितलेली माहिती साठवणयंत्र वेगानें ओतीत असतें, आणि त्याला ती घेववत नाहीं. तो एकटा हळू असतो. पण त्याच्यासाठीं आलेल्या फ्रेमांनीं स्विचांमधल्या सामायिक वाटेवरील सर्व जागा व्यापून टाकलेली असते, आणि निरपराध शेजारी खोळंबतात. बारामतीच्या धक्क्यानें सोलापूरची मेल अडवावी, तसेंच हें.

अडलेली फ्रेम स्विच अनंत काळ धरून ठेवीत नाहीं. साधारणतः अर्ध्या सेकंदाच्या आंत ती पुढें गेली नाहीं, तर सबंध जाळें गोठूं नये म्हणून तो ती टाकून देतो, आणि तसें टाकल्याची नोंद वेगळ्या आंकड्यांत करतो. हा आंकडा शून्य राहावा हेंच चांगल्या देखरेखीचें लक्षण. कारण तो वाढूं लागला, म्हणजे जे जाळें कधीं माल टाकीत नाहीं म्हणून निवडलें, तेंच माल टाकूं लागलें असें ठरतें. आणि मग शिरूरच्या उताऱ्याची मागणी खिडकीवर कां लोंबकळली, ह्याचें उत्तर तेथें मिळतें.

चौथी गोष्ट हरवलेल्या गोळ्याची. कधीं कधीं ‘घेण्यास सिद्ध’ हा इशाराच वाटेंत बिघडतो. समोर जागा मोकळी असते, पण पाठविणाराला तें कळत नाहीं. एक क्रेडिट कायमचें उणें होतें. असें एकेक करून सर्व क्रेडिटें नाहींशीं झालीं, तर दोन्ही बाजूंस निरोगी असलेली वाट मुकाट बंद पडते. रेल्वेंत गोळा हरवला तर रीतसर चौकशी व लेखी परवानगीवांचून यंत्र पूर्ववत् चालू होत नाहीं. फायबर चॅनेलमध्येंहि ती जोडणी क्षणभर मोडून हिशोब पहिल्यापासून मांडावा लागतो. नवीन यंत्रें हरवलेल्या क्रेडिटांची मोजणी आपोआप करून तीं भरून काढतात. तरी मूळ प्रश्न उरतोच: इशारा बिघडला कां? आणि त्याचें उत्तर बहुधा पहिल्या गोष्टींत, म्हणजे मंदावलेल्या उजेडांतच असतें.

पुण्याच्या भूमीस ही विद्या परकी नाहीं. १९८८ सालीं पुण्यांत सी-डॅक ही संस्था स्थापन झाली, आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखालीं १९९१ सालीं तेथें परम ८००० हा महासंगणक तयार झाला. अनेक लहान संगणक एकत्र बांधून एक मोठा करावयाचा, तर त्यांना जोडणारा नाका उत्तम हवा. म्हणून त्या संस्थेनें पुढें परमनेट नांवाचें स्वतःचें जाळें व त्याचे स्विचहि घडविले. तें जाळें साठवणीचें नव्हे, गणनेचें होतें. पण वेगवान यंत्रांच्या मेळाव्यांत खरी परीक्षा नाक्याचीच होते, हा धडा दोहोंस सारखाच लागू आहे.

देखरेखीचा हेतु केवळ संकटाची घंटा वाजविणें एवढाच नसतो. दौंडचीच गोष्ट पाहावी. मनमाडचा मार्ग दौंडास अशा रीतीनें मिळाला होता कीं, सोलापूरची गाडी मनमाडकडे सरळ निघून जाई, पण पुण्याहून मनमाडकडे जाणाऱ्या गाडीस दौंडला थांबून, इंजिन दुसऱ्या टोंकास लावून, उलट्या तोंडानें निघावें लागे. वर्षानुवर्षें प्रत्येक गाडीचा तेवढा वेळ मोडे. तो कोणाचा अपराध नव्हता, कोणतें यंत्रहि बिघडलें नव्हतें. वाटांची मांडणीच तशी होती. अखेरीस दोन्ही मार्गांना परस्पर जोडणारी कॉर्ड लाइन झाली, आणि ह्या गाड्यांना जंक्शनांत शिरण्याचें कारण उरलें नाहीं. स्विचांच्या जाळ्यांतहि असेंच असतें. महिनोन् महिने ठेवलेल्या नोंदी पाहिल्या म्हणजे कळतें कीं, अमुक दोन यंत्रांची वाहतूक उगाचच तीन नाक्यांवरून फिरते आहे, किंवा मंद यंत्रें वेगवान यंत्रांच्या वाटेवर बसविलीं आहेत. मग दुरुस्ती यंत्राची करावयाची नसते, मांडणीची करावयाची असते.

आज दौंडला उतरणारा उतारू यार्डांतील सांध्यांकडे पाहत नाहीं, आणि शिरूरच्या बाजारांत पैसे काढणारी गृहिणी काचतंतूंचा विचार करीत नाहीं. त्यांनीं तो करूंहि नये. व्यवस्था नीट असल्याची हीच खूण. पण त्यांच्या निश्चिंतपणामागें कोणी तरी वही उघडून बसलेलें असतें: एके काळीं कंदिलाच्या उजेडांत गाडीची वेळ लिहिणारा मास्तर, आज पडद्यावरील आंकड्यांची वजाबाकी करणारा अभियंता. दोघांचें काम एकच. गाडी जेथें उभी आहे तेथें रागावून न पाहतां, ती कोणाच्या परवानगीसाठीं उभी आहे हें शोधीत पुढच्या स्टेशनाकडे चालत जावयाचें.